दुसऱ्या एका मावशीचा निकाल

नोटीस आली तेव्हा मी ओरत्तनाडूला, कामावर होते. पोस्टमनकडून ती बाबांनी सही करून घेतली, पण मला फोन केला नाही. संध्याकाळी बसमधून उतरून तंजावूरच्या घरी आले तर ते पुढच्या खोलीत दिवा न लावता बसले होते. आत माझी भाची गृहपाठ करताना मोठ्याने पाढे म्हणत होती. बाबांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि आमच्या घरच्या जुन्या तंजावुरी मराठीत हळूच म्हणाले, "जांवयानें पोरीला मागितलें आहे. कोर्टांतून."

मी ते उभ्याउभ्याच वाचलं. इंग्रजी साधंच होतं. अर्जदार मुलीचा नैसर्गिक पालक आहे, मुलगी सध्या तिच्या मावशीकडे आहे, तिचा ताबा अर्जदाराला मिळावा. माझं नाव 'प्रतिवादी' या शब्दापुढे होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. आतून पोरीने विचारलं, "मावशी, सात नव्वें किती?" मी त्रेसष्ट म्हणाले. आवाज माझाच होता, पण दुसऱ्याच कुणाचा वाटला.

माझी अक्का तीन दिवसांच्या तापात गेली तेव्हा तिची मुलगी चौदा महिन्यांची होती. भावोजी कोइम्बतूरला पंपांच्या कारखान्यात नोकरीला. दिवस झाल्यावर ते मला म्हणाले, "थोडे दिवस हिला तुमच्याकडे राहू द्या. मला एकट्याला जमायचं नाही." त्या थोड्या दिवसांची साडेसात वर्षं झाली. ते दिवाळीला यायचे, पोंगलला यायचे, अधूनमधून रविवारीही यायचे. दर वेळी फ्रॉक आणायचे आणि तो दर वेळी एक माप लहान असायचा. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं पुष्कळ होती, पोर हे त्यातलं एक. नोटीस येण्याच्या दोन वर्षं आधी भावोजींनी पुन्हा लग्न केलं. ती बाई शाळेत शिकवते. एकदा आमच्याकडे आली, पोरीला वेणी घालून दिली आणि जाताना माझ्या पाया पडली. ती वाईट असती तर मला इतकी भीती वाटली नसती.

कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर एका वकीलबाईंची खोली होती, तिथे मी गेले. साठीच्या, तमिळ, कमी बोलणाऱ्या. भिंतभर जाड बांधणीची पुस्तकं, तीही रंगाने एकसारखी. मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी मला मधे एकदाही थांबवलं नाही. मग त्यांनी टेबलावरून टाचलेल्या कागदांची एक चळत माझ्याकडे सरकवली.

"हे आधी वाचा, अम्मा. समोरचा वकील हेच घेऊन येणार आहे."

"हे काय आहे?"

"उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाचा निकाल. तुमच्यासारखीच एक मावशी होती. बहीण वारली, मूल हिने ठेवलं, बापाने परत मागितलं. मावशी हरली."

मला काही कळेना. "पण मॅडम, ती बाई मी नाही. मी तिला ओळखतही नाही. तिच्या खटल्यात झालं ते माझ्या पोरीला का लागू?"

त्यांनी चष्मा काढला. "कायद्याच्या पुस्तकात एवढंच लिहिलेलं आहे, की मुलाचं हित सगळ्यांत आधी बघायचं. पण हित कशात आहे? ते एकेका खटल्यात न्यायाधीश ठरवत जातात. वरच्या कोर्टाने एकदा ठरवलं, की तसाच खटला खालच्या कोर्टापुढे आला तर खालच्या कोर्टाला तेच धरून चालावं लागतं. ही रीत इंग्रजांकडून आली आणि आपण ठेवली. आज एका मावशीला एक न्याय आणि उद्या तशाच दुसरीला वेगळा, असं होऊ नये म्हणून."

"म्हणजे तंजावूरच्या न्यायाधीशांना माझं म्हणणं पटलं, तरी त्यांचे हात बांधलेलेच?"

"खटला तसाच असेल तर बांधलेले. तसा नसेल तर मोकळे. तुमचा खटला तिच्यासारखा कुठे नाही, ते आपल्याला शोधायचंय. मी वाचला आहेच. पण तुमच्या घरातलं तुम्हालाच ठाऊक. म्हणून तुम्ही वाचा."

मी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी कापडी पिशवीत माती आणतात. आम्ही ती वाळवतो, चाळतो, तपासतो आणि कुठलं खत किती घालायचं ते लिहून देतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, त्या पिशव्यांच्या रांगेशेजारी बसून मी तो बावीस पानांचा निकाल वाचायला घेतला. डब्यातला ताकभात तसाच राहिला.

त्या कागदांत मावशीचं नाव नव्हतं, मुलाचंही नव्हतं. नुसती अक्षरं होती. पण पान उलटावं तशी ती बाई माझ्यापुढे उभी राहायला लागली. तिनेही बाळाचं दूध कोमट करून पाजलं असणार, तिलाही पोरगा झोपेत हाक मारत असणार. तिच्या वकिलाने काय काय सांगितलं ते तिथे लिहिलं होतं आणि प्रत्येक मुद्द्याखाली न्यायाधीशांनी तो का मानला नाही तेही लिहिलं होतं. मी मनातल्या मनात जे जे बोलणार होते, ते ते ती आधीच बोलून हरली होती. अकराव्या पानावर मला घाम फुटला. पंखा डोक्यावरच होता.

मग मी पेन्सिल घेतली आणि आमच्याशी न जुळणाऱ्या गोष्टींखाली रेघा मारायला लागले. तिच्याकडे मूल अकरा महिने होतं, माझ्याकडे साडेसात वर्षं. तिथल्या बापाने पहिल्या वर्षातच अर्ज केला होता. भावोजींनी शाळेच्या कागदांवर स्वतः सही करून पालक म्हणून माझं नाव घातलं होतं. तिथलं मूल तीन वर्षांचं, त्याला काही विचारायची सोय नव्हती. माझी भाची नववं लागलेली, स्वतःचं स्वतः बोलणारी. रेघा वाढत गेल्या तसा मला जरा श्वास घेता आला.

सतराव्या पानावर मी थांबले. तिथे न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की त्या मावशीने खोटी कारणं सांगून बापाला मुलापासून दूर ठेवलं, आणि जी बाई असं करते तिच्या हातात मुलाचं हित सुरक्षित मानता येत नाही.

पेन्सिल माझ्या हातातच राहिली. कारण मीही खोटं बोलले होते.

लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात भावोजींनी फोन केला होता, पोरीला आठ दिवस उटीला नेतो म्हणून. मी सांगितलं, तिला ताप आहे, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. पोर तेव्हा शेजारच्या ओट्यावर दोरीवरच्या उड्या मारत होती. ते काळजीने म्हणाले, "जपा तिला." आणि एका ओळखीच्या माणसाबरोबर डाळिंबं पाठवली. ती डाळिंबं सोलताना मला लाज वाटली होती, पण पोर घरात होती. तेवढंच मला पुरे होतं.

चार दिवस मी हे कुणालाच सांगितलं नाही. बसमध्ये बसले की छातीत धडधडायचं. हे लपवलं तर कुणाला कळणार, असं एकदा वाटायचं. लगेच आठवायचं, की पोर आपल्या बापाशी फोनवर सगळं बोलते. पाचव्या दिवशी सकाळी बाबा झाडांना पाणी घालत होते, तेव्हा त्यांना सांगून टाकलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"वकिलीणबाईंना सांगितलेंस?"

"नाही. सांगितलं तर आपला खटला त्या बाईसारखाच होईल, बाबा. आपण हरू."

"आणि न सांगतां तिथें उघडें पडलें तर?" ते म्हणाले. "खरें सांग जा. आजच जा."

वकीलबाई रागावल्या नाहीत. मी एवढी भ्याले होते, की त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "एकदाच?"

"एकदाच," मी म्हणाले.

"ठीक. तुमच्या प्रतिज्ञापत्रात आपणच हे घालू. त्यांनी उकरून काढण्याआधी आपण सांगितलेलं बरं. अम्मा, तो निकाल फक्त मावशी खोटं बोलली म्हणून लागलेला नाही. ती सात महिने रोज खोटं बोलत होती, घराला कुलूप लावून दुसऱ्या गावी राहिली होती. निकाल ज्या गोष्टींवर उभा असतो, त्या सगळ्या मिळून धरायच्या. आपल्याकडे त्यातली एक आहे. पण ती आहे, हे विसरू नका."

खटला सुरू झाल्यावर काही महिन्यांनी न्यायाधीशांनी पोरीला आपल्या खोलीत बोलावलं. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. व्हरांड्यातल्या बाकाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला भावोजी बसलो होतो. मधे तीन माणसांची जागा रिकामी. ते रुमालाने सारखे हात पुसत होते. ते माझ्याइतकेच घाबरलेले आहेत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि त्याने माझं भय कमी झालं नाही.

वीस मिनिटांनी पोर बाहेर आली. घरी जाताना ऑटोत मी विचारलं नाही, तीच सांगायला लागली. "जजअम्माने विचारलें, घरांत कोण कोण आहे. मी सांगितलें, आजोबा आणि मावशी. त्यांना वाटलें, 'मावशी' हें तुझें नांवच आहे. मग मी तमिळमध्ये समजावून सांगितलें."

"आणखी काय विचारलं?"

"अप्पा आवडतात का." ती बाहेर बघत होती. "मी म्हटलें, आवडतात. तू रागावणार काय?"

मी नाही म्हणाले आणि तिचा हात धरला. तो हात गार होता. इतके महिने आपण भितो ते हिच्यापासून लपवतो आहोत, असं मला वाटत होतं. ती सगळं ओळखून होती.

उलटतपासणीच्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भावोजींचा वकील तरुण होता आणि फार सभ्य. त्यामुळे त्याच्यावर चिडताही येईना. शाळा, दवाखाना, माझी नोकरी, सगळं विचारून झालं. मग त्याने माझं प्रतिज्ञापत्र हातात घेतलं.

"तापाचं तुम्ही स्वतःच सांगितलंत, त्याबद्दल कोर्ट तुमचं कौतुकच करेल. एवढंच विचारतो, असं एकदाच झालं?"

'हो' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि त्या क्षणी मला दुसरं आठवलं. मी खरंच विसरले होते. पुढच्याच पोंगलच्या आधी भावोजी पोरीला दोन दिवस न्यायला येतो म्हणाले होते, आणि मी शाळेत परीक्षा आहे असं सांगितलं होतं. परीक्षा नव्हती. समोर भावोजी बसले होते. त्यांना आठवत असेल का, ते चेहऱ्यावरून कळेना. माझ्या वकीलबाई कागद चाळत होत्या. त्यांना मी एकदाच म्हणून सांगितलेलं होतं.

पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून मी म्हणाले, "दोनदा."

वकीलबाईंचा कागद चाळणारा हात थांबला. एवढंच. न्यायाधीशबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "दुसऱ्यांदा काय सांगितलंत?" मी सांगितलं. का सांगितलंत, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नेलं तर परत आणणार नाहीत, असं वाटलं. मी भ्याले होते." हे त्यांनी टंकलेखकाला सांगून लिहून घेतलं. कीबोर्डचा खटखट आवाज मला अजून आठवतो. बाहेर आल्यावर मी वकीलबाईंना म्हणाले, मी सगळं घालवलं. त्या म्हणाल्या, "ते आता त्यांनी ठरवायचं. चहा घ्या."

युक्तिवादाला मी मागच्या बाकावर बसले. तरुण वकिलाने तोच बावीस पानांचा निकाल काढला आणि त्यातलं एक वाक्य दोनदा वाचलं. मावशी कितीही माया करो, ती बापाच्या जागी येऊ शकत नाही, अशा अर्थाचं. मला ते पाठ झालं होतं. वकीलबाई उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की हे वाक्य त्या निकालात आहे, पण निकाल त्याच्यावर उभा नाही. न्यायाधीश लिहिण्याच्या ओघात बरंच काही म्हणून जातात, त्यातलं सगळं खालच्या कोर्टाला बांधत नाही. ज्या कारणासाठी निकाल लागला तेवढं कारण बांधतं. ते कारण होतं, अकरा महिने, लहान मूल आणि बापाचं दार पूर्ण बंद करणं. मग त्यांनी आमच्या गोष्टी एकेक करून शेजारी मांडल्या. माझ्या दोन खोट्या सबबीही त्यांनी त्यात धरल्या, वगळल्या नाहीत. त्या सांगताना त्यांचा आवाज जराही खाली आला नाही.

निकालाच्या दिवशी मला ऐकूच येत नव्हतं. न्यायाधीशबाई शेवटचाच भाग वाचत होत्या आणि बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की मला तेवढंच जाणवत होतं. मुलगी मावशीकडेच राहील. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतले पंधरा दिवस वडिलांकडे. मदुरैचा निकाल या कोर्टाला बंधनकारक आहे, पण इथल्या गोष्टी वेगळ्या असल्यामुळे तो इथे लागू होत नाही. आणि पुढे आणखी एक ओळ होती. मावशीने पुन्हा कुठलंही कारण सांगून भेट अडवली, तर त्याचा विचार करून हा आदेश बदलता येईल.

जिंकून घरी आले ते ती ओळ घेऊन. पहिल्या उन्हाळ्यात पोरीला खरोखरचा ताप आला, तोही निघायच्या आदल्या दिवशी. मी तापमापकाचा फोटो काढला, डॉक्टरची चिठ्ठी घेतली, दोन्ही भावोजींना पाठवलं आणि फोन हातात घेऊन बसले. कोण विश्वास ठेवणार? अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. "मीच येतो तिकडे," ते म्हणाले. संध्याकाळी आले, तिच्या उशाशी बसून गार पाण्याच्या पट्ट्या बदलल्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तीन दिवसांनी ती त्यांच्याबरोबर गेली.

तोवर त्यांनी अपील केलेलं होतं. मदुरैला गेलो तेव्हा पुन्हा तीच भीती. दोन न्यायाधीश बसले होते. त्यातल्या एकांनी सुरुवातीलाच विचारलं, आमच्याच दोन सहकाऱ्यांचा निकाल आम्ही का मानू नये? वकीलबाईंनी मला आधी सांगून ठेवलं होतं, की हे दोघे त्या दोघांचा निकाल खोडू शकत नाहीत. पटला नाही तर त्यांना तो जास्त न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाकडे पाठवावा लागेल, आणि मग आणखी किती वर्षं जातील ते सांगता येत नाही. मला वाटलं, तसंच होणार. पण वकीलबाई म्हणाल्या, की तो निकाल बरोबरच आहे, त्याला आमचा काही विरोध नाही, फक्त तो ह्या मुलीचा नाही. पाऊण तास चाललं. दोन आठवड्यांनी कळलं, की अपील फेटाळलं.

त्यानंतर एक दिवस वकीलबाईंनी बोलावून छापील पुस्तक दाखवलं. आमचा निकाल त्यात होता. मी नुसतं एक अक्षर झाले होते, पोर दुसरं. चौदाव्या परिच्छेदात माझ्या दोन्ही खोट्या सबबी होत्या, तापाची आणि परीक्षेची, आणि मी भ्याले होते असं म्हणाल्याचंही.

"हे आता कुणीही वाचणार?"

"वाचणार. हा उच्च न्यायालयाचा झाला, आता इतरांना लागेल. गेल्याच महिन्यात एका बापाच्या वकिलाने वापरला. भेट अडवली तर आदेश बदलता येतो, एवढ्यासाठी. त्याला मुलगी भेटायला लागली."

"आणि ज्यांच्याकडे ती मुलगी होती, ते?"

वकीलबाईंनी खांदे उडवले. "आजोळची माणसं. मला जास्त माहीत नाही."

मी त्या घराचा विचार करत बसने आले. तिथे कुणीतरी माझ्या चौदाव्या परिच्छेदावर बोट ठेवून बसलं असेल, आणि मला शिव्या देत असेल.

आता पोर अकरा वर्षांची आहे. गेल्या वर्षी कोइम्बतूरला तिला भाऊ झाला. यंदाच्या सुट्टीत पंधरा दिवस भरायला दोन दिवस असताना तिचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"मावशी, आणखी एक आठवडा राहूं? हा आतां मला बघून हसतो."

माझ्या छातीत तसंच धडधडलं. मी विचारलं, "अप्पांना विचारलंस?"

"ते म्हणतात, मावशीला विचार. ती म्हणेल तसें."

बाबा समोरच्या खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. मग मी म्हणाले, "राहा. परीक्षा बिरीक्षा काही नाही."

ती हसली आणि बाळाला फोनजवळ धरलं. मी बराच वेळ त्याचा श्वास ऐकत राहिले.